चकोर, कुत्री आणि काळा कातळ : आयडाहोतली डोंगरी शिकार

स्नेककाठ
घाटवाटांच्या धाग्यावर मी मागे लिहिलं होतं की अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉयसीला राहायला आल्यापासून थंडीत डोंगर चढण्याचं माझं मुख्य निमित्त म्हणजे चकोराची शिकार. त्यावर बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. काहींना उत्सुकता होती, काहींना धक्का बसला, दोघातिघांना सरळ राग आला. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. प्रश्न इथेच विचारा, विरोधही इथेच नोंदवा.

आधी पक्षी. चांदणं पिऊन जगतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, तोच हा चकोर. प्रत्यक्षात तो कोवळं गवत, बिया आणि किडे खातो. वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. राखी अंग, लाल चोच, लाल पाय, डोळ्यांवरून गळ्यापर्यंत उतरलेली काळी पट्टी आणि कुशीवर उभे काळे-तांबूस पट्टे. नर-मादी दिसायला सारखेच. त्याचं मूळ घर ग्रीस-तुर्कस्तानापासून अफगाणिस्तान, पाकिस्तान, लडाख, हिमाचल, नेपाळपर्यंत पसरलंय. अमेरिकेत पहिल्यांदा १८९३ साली कराचीहून काही पक्षी इलिनॉयला आणले गेले, पण ते टिकले नाहीत. पुढे १९३०च्या दशकापासून पश्चिमेकडच्या राज्यांनी ते मोठ्या प्रमाणावर सोडले. कोरडे, उघडे, खडकाळ डोंगर मिळाल्यावर ते इथलेच होऊन गेले. नेवाडात १९४७ साली शिकारीचा पहिला हंगाम उघडला, मग हळूहळू बाकी राज्यांत.

आता डोंगर. इथे येऊन पाहिलंत तर सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला काहीही परकं वाटणार नाही. आयडाहो आणि ओरेगनच्या सीमेवर स्नेक नदीने कोरलेलं हेल्स कॅन्यन हे उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल नदीखोरं. काठावरच्या सर्वांत उंच शिखरापासून पाण्यापर्यंत सुमारे २,४०० मीटरचा फरक. त्याचे वरचे थर म्हणजे लाव्हाचे एकावर एक साचलेले थर, म्हणजे आपलाच बेसाल्ट. दख्खनचा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इथला १.६ ते १.७ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यामुळे रचनाही तीच. उभा कडा, त्याखाली घसारा, मग गवताळ पदर, परत कडा. फरक एवढाच की झाडी जवळजवळ नाही. सेजब्रशची राखी झुडपं, पिवळं वाळलेलं गवत आणि मधेच एखादी घळ, जिच्या तळाशी थोडं पाणी.

चकोर या पायऱ्यांवर राहतो. त्याचा एक नियम पक्का आहे: धोका दिसला की तो वर पळतो आणि फारच जवळ आलात की उडून खाली जातो. तुम्ही तासभर चढून त्याच्या पातळीवर पोचता आणि अख्खा थवा पंख ताणून समोरच्या दांडावर, म्हणजे तुमच्यापासून परत एका दरीच्या अंतरावर जाऊन बसतो. पाच-दहा मिनिटांत तिकडून चक-चक-चकर असा आवाज सुरू होतो. पांगलेले पक्षी एकमेकांना हाक मारून गोळा होत असतात.

म्हणून या शिकारीत कुत्र्याशिवाय माणसाला फारसं काही जमत नाही. माझ्याकडे ब्रिटनी जातीची कुत्री आहे. पांढरी आणि नारिंगी, सोळा-सतरा किलोची. नाव टिकली. ती नुसती पळत नाही, ती वारा वाचते. माझ्यापासून दोनशे-तीनशे मीटरवर आडवी जाते, परत येते, पुन्हा जाते. वाऱ्यावर पक्ष्यांचा वास लागला की वेग कमी होतो, शेपटीचं हलणं बदलतं, आणि मग ती जागच्या जागी थिजते. एक पाय कधी उचललेला, नाक वासाच्या दिशेला, अंगातला प्रत्येक स्नायू ताणलेला. याला इथे पॉइंट म्हणतात. पक्षी समोर आहेत, हे ती सांगत असते. तिला दिसत नसतात, मलाही दिसत नाहीत. गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यावरून माझ्या हातातल्या यंत्रावर कळतं की टिकली अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, स्थिर उभी आहे. ते अंतर चढून जायला मला दहा-पंधरा मिनिटंही लागतात. तेवढा वेळ ती उभी राहते. वाऱ्यात, बर्फात, तिरक्या घसाऱ्यावर.

मी तिथे पोचल्यावर पक्षी उडवणं माझं काम, तिचं नाही. कुत्र्याच्या मागून सरळ चालत गेलं तर चकोर पायांनी पुढे सटकतात. म्हणून वळसा घालून वरून यायचं. खाली कुत्रा, वर माणूस, मधे थवा, मग ते दबून बसतात. चढताना दुनळी उघडी आणि काडतुसं खिशात. पॉइंटजवळ आल्यावर भरायची. उडताना पंखांचा जो आवाज होतो तो छातीत बसतो. पहिल्या दोन सेकंदांत काय ते. आयडाहोत माणशी दिवसाला ८ चकोरांची मर्यादा आहे. मी ती क्वचितच गाठतो आणि गाठायचा हट्टही धरत नाही.

या धाग्यात मला मुख्यतः एक गोष्ट सांगायची आहे. डोंगरात कुत्र्याचं नाक आणि आपलं डोकं यांत मतभेद झाला तर नाकाचं ऐकायचं. आणि कुत्र्याचा जीव की पक्षी, असा प्रश्न आला तर तो प्रश्नच नाही. कड्यावरून पलीकडे झेपावणाऱ्या पक्ष्यावर बार काढायचा नाही, कितीही सोपा दिसो. पक्षी पडला तर ती त्याच्या मागे जाणार. तिला कडा कळत नाही, पडलेला पक्षी कळतो. दरवर्षी या भागात असे कुत्रे जातात. बाकीचं प्रश्नांच्या ओघात लिहितो.

पाणवठा
छान लिहिलंय, पण मला पचलं नाही हे आधीच सांगते. मी पुण्यात पक्षीनिरीक्षण करते. लडाखला हेमिसच्या बाजूला चकोरांचं कुटुंब पाहिलं होतं. आई पुढे, मागे दगडांतून धावणारी बारकी पिल्लं. तो पक्षी दुनळीच्या टोकापुढे पाहायचा हे मनाला जड जातं. तरी माहितीसाठी विचारते. एक, जखमी होऊन उडून जाणाऱ्या पक्ष्यांचं काय? दोन, शिशाचे छर्रे वापरता का? आणि तीन, बाहेरून आणून सोडलेला पक्षी तिथल्या मूळ पक्ष्यांच्या मुळावर आला नाही का?

जतचा_माळ
भाऊ, लय भारी. आमच्याकडं जत-सांगोल्याच्या पट्ट्यात कारवान कुत्री. आज्ज्याच्या काळात सशामागं सोडायचे. आता ते सगळं बंद, आणि बंदच बरं. कुत्री राखणीला आहेत. पण आमचं कुत्रं नाकानं नाही, डोळ्यानं शिकार करतं. दिसलं की सुटलं, मग कुणाच्या बापाला थांबत नाही. तुमचं कुत्रं समोर पक्षी असताना झेप न घेता उभंच कसं राहतं? हे रक्तात असतं का मारून-मुटकून शिकवतात?

स्नेककाठ
@जतचा_माळ, दोन्ही, पण मारून-मुटकून अजिबात नाही. कोणताही शिकारी प्राणी झेप घेण्याआधी क्षणभर थांबतो. मांजर थांबतं, लांडगा थांबतो. पॉइंटर, सेटर, ब्रिटनी, जर्मन शॉर्टहेअर अशा जातींत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो क्षण लांबवलाय. टिकली आठ आठवड्यांची असताना दोरीला बांधलेल्या पिसासमोर थिजली होती, तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवावं लागतं ते त्यापुढचं. पक्षी उडाला तरी जागा सोडायची नाही, बार झाला तरी नाही, ‘आण’ म्हटल्यावरच जायचं. ते लांब दोरी, कबुतरं आणि भरपूर धीर यावर होतं. बंदुकीच्या आवाजाची सवयही अशीच हळूहळू लावायची. आधी लांबून, ती कबुतराच्या नादात असताना, मग जवळून. पिल्लाच्या डोक्यावर एकदम बार काढला तर ते आयुष्यभर बंदुकीला भितं, मग तो कुत्रा शिकारीतून गेला. माझे सगळे हुकूम मराठीत आहेत: थांब, शोध, आण, माघारी. आजूबाजूचे शिकारी आपल्या कुत्र्यांना ओरडत असतात तेव्हा याचा फार फायदा होतो.

आणि तुमच्या कारवानबद्दल मनापासून आदर आहे. उघड्या माळावर डोळा आणि पायच हवेत. इथे डोळ्याचा उपयोग नाही, कारण दगडांत बसलेला चकोर तीन मीटरवरूनही दिसत नाही.

@पाणवठा, तुमचा विरोध मान्य. प्रश्नांची उत्तरं.

जखमी पक्षी हा या छंदातला सर्वांत वाईट भाग आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पंखाला लागलेला चकोर जमिनीवर पडतो आणि पायांनी पळत दगडाच्या फटीत शिरतो. माणसाला तो सापडत नाही. कुत्र्याला सापडतो. म्हणून माझ्या मते कुत्र्याशिवाय या डोंगरात बंदूक घेऊन जाऊच नये. टिकली एका पडलेल्या पक्ष्यावर अर्धा-अर्धा तास काढते आणि तेवढा वेळ मी पुढे सरकत नाही. तरीही अधूनमधून पक्षी हातचा जातो. तो मी माझ्या मर्यादेत मोजतो. कायद्याने सांगितलंय म्हणून नाही, मला ते बरोबर वाटतं म्हणून.

शिसं मी वापरत नाही. स्टील किंवा बिस्मथ. पाणपक्ष्यांसाठी शिशावर १९९१पासून देशभर बंदी आहे, कॅलिफोर्नियात जुलै २०१९पासून सर्वच शिकारीसाठी. आयडाहोत डोंगरी पक्ष्यांसाठी सक्ती नाही. पण चकोर दाणे दळायला बारीक खडे गिळतो आणि त्यात पडलेले छर्रेही जातात. तोच पक्षी पुढे गरुडाच्या पोटात. स्नेक नदीच्या कड्यांवर सोनेरी गरुड घरटी करतात, त्यांच्याच हद्दीत मी फिरतो. थोडे पैसे जास्त पडतात, पडू देत.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रीनोच्या ताई जास्त चांगलं देतील, त्या वाचत असतील तर.

नवखा_डेन्व्हर
दादा, मी एच-१बीवर आहे. मला हे करता येईल का? बंदूक विकत घेण्याची वगैरे भीती वाटते. ऑफिसातले लोक चल म्हणतात.

स्नेककाठ
@नवखा_डेन्व्हर, नीट वाच. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे आधी परवाना, मग बाकी सगळं. मित्राची बंदूक नुसती हातात धरून पाहणंसुद्धा बाळगण्यात येऊ शकतं, हे ऑफिसातल्या लोकांना माहीत नसतं. तुझ्या व्हिसाचं काम पाहणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस, इथल्या माझ्या चार ओळींवर विसंबू नकोस. परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम करावा लागतो. आयडाहोत १ जानेवारी १९७५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो. इतर राज्यांत तारीख वेगळी, तत्त्व तेच.

खरं सांगू का, पहिला हंगाम बंदूक न घेताच जा. कुणाबरोबर तरी, कुत्र्यांच्या मागे. आवडलं तर पुढचा विचार.

रीनोवासी
हाक मारलीत म्हणून आले. मी नेवाडात आहे. आमच्याकडे जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर आहेत, मायलेकी.

@पाणवठा ताई, चकोराने मूळ पक्ष्यांना हुसकावलं असं इथे दिसत नाही, कारण तो जिथे राहतो त्या उभ्या दगडी उतारावर त्याच्या जोडीला फारसं कुणी नव्हतंच. इथला मूळचा मानाचा पक्षी सेज ग्राउज, तो सपाट-लाटदार सेजब्रशच्या माळावर असतो. खरा शत्रू दुसराच आहे, आणि तोही जुन्या जगातून आलेला: चीटग्रास नावाचं कुसळाचं गवत. पावसाळी थंडीत उगवतं, उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाळून कोळ होतं आणि एका ठिणगीसरशी पेटतं. जिथे पूर्वी अनेक दशकांनी एखादा वणवा लागायचा तिथे आता काही वर्षांतच पुन्हा लागतो. सेजब्रश जळल्यावर लवकर परत येत नाही, चीटग्रास लगेच येतं. सेज ग्राउजचं घर असं जातंय. आणि चकोराचं मुख्य अन्न हेच चीटग्रास! थंडीत त्याचे हिरवे कोंब, उन्हाळ्यात बी. दोघे पाहुणे एकमेकांना धरून जगताहेत. चकोर गेल्याने सेज ग्राउज परत येणार नाही, गवत आटोक्यात आलं तर येईल. आयडाहोत २०२१पासून सेज ग्राउजसाठी मोजकेच टॅग (शिकारीचे खास परवाने) देतात. आमच्या घरातले आम्ही सेज ग्राउजवर बार काढणं कधीच सोडून दिलंय.

पाण्याबद्दल एक सांगते. नेवाडाच्या कोरड्या रांगांत जिथे झरा नाही तिथे गझलर बांधलेत. म्हणजे पावसाचं पाणी उतरत्या पत्र्यावर किंवा सिमेंटच्या अंगणावर गोळा करून खालच्या टाकीत साठवायचं, आणि पक्ष्यांना चालत उतरता येईल असं तोंड ठेवायचं. आपल्याकडची गडावरची टाकी आठवतात ना, कातळउतारावरून पाणी खेळवून आणलेली, तत्त्व तेच. चकोरांसाठी बांधलं, आता हरणं, वटवाघळं, सगळेच पितात. दुरुस्तीला स्वयंसेवक लागतात. मी जाते. सिमेंटची पोती खांद्यावर नेण्यात शिकारीपेक्षा जास्त दम निघतो.

हंगामाच्या सुरुवातीला थवे पाण्याच्या जवळपास. एकदा पाऊस झाला, हिरवं उगवलं की पांगतात आणि वर जातात. बर्फ पडल्यावर दक्षिणेकडे तोंड असलेले उतार बघा, तिथे आधी बर्फ वितळतं. खोल बर्फ टिकून राहिलं तर मात्र उपासमार होते, तेव्हा पक्षी नदीकाठी, रस्त्यावर येऊन बसतात. अशा दिवसांत त्यांच्या मागे जाऊ नये. परवाना चालू असला तरी जाऊ नये.

नळीची_वाट
स्नेककाठ, तुम्ही ‘वारा वाचते’ लिहिलंत त्यावर जरा विस्ताराने सांगाल का? आम्ही घाटात नळीतून चढताना सकाळी वारा खाली आणि दुपारी वर वाहताना पाहतो. शिकारीत त्याचा हिशेब करता का?

स्नेककाठ
@नळीची_वाट, याच प्रश्नाची वाट पाहत होतो, कारण सगळा खेळ इथेच आहे.

रात्रभर थंड झालेली हवा जड होऊन पहाटे उतारावरून खाली सरकते. अशा वेळी खालून चढणाऱ्या कुत्र्याच्या नाकात वरच्या पक्ष्यांचा वास येतो. ऊन पडून उतार तापला की हवा वर चढायला लागते, मग वरून चालणाऱ्या कुत्र्याला खालच्या पदरावरचे पक्षी कळतात. मी पहाटे दांडावरून चढतो, कुत्रीला बाजूच्या घळींच्या डोक्याशी शोधू देतो आणि ऊन पडेपर्यंत थव्यांच्या पातळीच्या जरा वर पोचतो. तिथून पुढे आडवं चालायचं, उंची सोडायची नाही. वर असलं की दोन फायदे: वारा नाकात येतो आणि चकोराचा वर पळायचा मार्ग बंद होतो. उंची एकदा हातची गेली की ती परत मिळवण्यात दिवस जातो.

यात गोंधळ घालतो तो खरा वारा, म्हणजे दूरवरून येणारा. दांडाच्या पलीकडून वाहणारा वारा धारेवरून खाली वळतो आणि भोवरे घालतो. अशा ठिकाणी टिकली पॉइंट धरते, सोडते, दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा धरते. नवख्याला वाटतं कुत्री गोंधळली. पक्षी पायांनी सरकत असतात आणि ती त्यांच्याबरोबर सरकते. तिला हाक मारून विचलित करायचं नाही, मागे राहायचं. एकदा मी खात्रीने सांगू शकलो असतो की त्या उघड्या घसाऱ्यावर काहीच नाही, उंदीरही लपला नसता. ती हलायला तयार नव्हती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, आणि माझ्या बुटापासून हातभर अंतरावरच्या दगडांतून अख्खा थवा उठला.

हवा कोरडी, धुळीची असली की वास टिकत नाही. रात्री भुरभुर पाऊस होऊन गेलेला, जमीन ओलसर, वारा मंद, असा दिवस असला तर ऑफिसचं काम संध्याकाळवर टाका.

या धारांवर फिरताना जागोजाग दगडांचे रचलेले मनोरे दिसतात. ते बास्क मेंढपाळांनी रचलेले आहेत. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेले हे लोक महिनोन्‌महिने कळपांसोबत एकटे डोंगरात असायचे. बॉयसीत त्यांची मोठी वस्ती आहे. विषयाला सोडून झालं, पण धनगरांच्या वाटांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तो मनोरा दिसला की तिथे बसून पाणी प्यावंसं वाटतं.

श्वानवैद्य
नाशिकला प्रॅक्टिस करतो, शिकण्यासाठी काही वर्षं अमेरिकेच्या पश्चिम भागात होतो, तिथे अशी कुत्री खूप पाहिली. शिकारीबद्दल मत देत नाही, कुत्र्यांबद्दल लिहितो.

सर्वांत जास्त त्रास कुसळांचा. रीनोवासी म्हणाल्या त्या चीटग्रासची आणि फॉक्सटेल नावाच्या गवताची कुसळं उलट काट्यांची असतात. एकदा शिरली की पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. कानात, नाकात, डोळ्याच्या पापणीखाली, बोटांच्या मधे. तिथून कातडीखाली आणि कधीकधी श्वासातून फुप्फुसात. अचानक शिंका, एका बाजूला डोकं झटकणं, एकच पंजा सारखा चाटणं, ही लक्षणं दिसली की थांबू नका. रोज संध्याकाळी अंगावरून हात फिरवून प्रत्येक बोटाची बेचकी पाहायची. आपल्या माळावरच्या कुसळी गवतालाही हे लागू आहे, इथल्या पाळीव कुत्र्यांच्या मालकांनीही वाचावं.

दुसरं, साखर उतरणं. दुबळी-पातळ, जीव तोडून पळणारी कुत्री दुपारी एकाएकी लडखडतात, नजर हरवते, कोसळतात. जवळ मध ठेवा, हिरड्यांवर चोळा, लगेच विश्रांती. मुख्य जेवण आदल्या रात्री, आणि दिवसभरात थोडं थोडं. पोट भरून पळवू नका. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडतो आणि त्यात तासांत जीव जातो.

ऊन हा तिसरा मुद्दा. कुत्र्याचं साधारण तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस. ४१च्या वर गेलं तर अवयव बिघडायला लागतात. सप्टेंबरमधल्या उन्हात उघड्या कातळावर हे अर्ध्या तासात होऊ शकतं. माणसाच्या पाण्याएवढंच पाणी कुत्र्यासाठी वेगळं वाहायचं.

साळिंदराचे काटे अर्धे कापले की सैल होतात ही समजूत चुकीची आहे. कापले की मोडतात आणि आत राहतात. एक-दोन असतील तर पकडीने मुळाशी धरून सरळ ओढा. तोंडभर असतील तर भूल देऊनच. रॅटलस्नेक हा विषारी साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. कुत्र्याला शक्य तितकं उचलून न्यायचं आणि प्रतिविषाकडे पोचायचं.

स्नेककाठ
डॉक्टर, मनापासून धन्यवाद. हा प्रतिसाद मी छापून गाडीत ठेवणार आहे. माझ्याकडून दोन भर. एक, रॅटलस्नेकमुळेच मी हंगाम उघडला तरी पहिली कडक, गोठवणारी थंडी पडेपर्यंत खालच्या खोऱ्यात जात नाही. आयडाहोत हंगाम सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि ३१ जानेवारीपर्यंत चालतो, घाई कशाची? दोन, हिवाळ्यात इथे बॉबकॅट (रानमांजर), कोयोटी (लांडग्याचा छोटा भाऊबंद) यांच्यासाठी कायदेशीर सापळे आणि तारेचे फास लावलेले असतात. कुत्र्याचा पाय किंवा मान त्यात अडकू शकते. तार कापायची पक्कड कमरेला हवी, आणि सापळा कसा उघडायचा हे घरी, शांतपणे, दहा वेळा करून पाहिलेलं हवं. डोंगरात कुत्रं किंचाळत असताना शिकता येत नाही. पायांचं म्हणाल तर बेसाल्टच्या धारेने पंजे सोलून निघतात. मी टिकलीला रबरी बूट घालतो, आत चिकटपट्टी. पहिल्या दिवशी ती पाय उचलून उचलून चालली, आता बूट काढले की शेपटी हलवते.

सुभेदारवाडा
मी सत्तरीचा आहे. वडील खानदेशात परवाना घेऊन तित्तर, लावे मारायला जात. १९७२चा वन्यजीव कायदा आला तरी काही पक्ष्यांसाठी परवाने मिळायचे. १९९१च्या दुरुस्तीने ते सगळं संपलं. वडिलांनी त्याच्या आधीच बंदूक खुंटीला लावली होती, कारण माळच नांगरले गेले, तित्तर राहिले कुठे? माझा प्रश्न असा आहे. अमेरिकेत इतके लोक बंदूक घेऊन फिरतात, तरी पक्षी कसे उरतात? आणि आपल्याकडे बंदी असून का कमी होतात?

स्नेककाठ
काका, उत्तराचा अर्धा भाग तुमच्याच प्रतिसादात आहे. माळ उरला तर पक्षी उरतो. आयडाहोत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याच्या ताब्यात सुमारे १.२ कोटी एकर सार्वजनिक जमीन आहे. त्यावर कुणी प्लॉट पाडू शकत नाही, तुम्ही-मी चालत जाऊ शकतो. दुसरा भाग पैशाचा. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना अधिवास, अभ्यास, शिकाऱ्यांचं प्रशिक्षण अशा कामांसाठी मिळतो. परवान्याचे पैसेही तिकडेच. तिसरा भाग पक्ष्याचा स्वभाव. चकोराची मादी एका वेळी दहा-पंधरा, कधी वीस अंडी घालते आणि वसंतात पाऊस चांगला झाला तर थवे भरतात. त्यातले बहुतेक पक्षी शिकार झाली काय, न झाली काय, दुसरा उन्हाळा पाहत नाहीत. दुष्काळात संख्या कोसळते, बंदुकीने तितकी नाही, कारण त्या उतारांवर चढणारे मुळात थोडे.

पण म्हणून आपल्याकडे शिकार सुरू करा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे माळाला सरकारी कागदावर पडीक म्हणतात आणि तिथे झाडं लावतात किंवा कारखाना आणतात. आधी तो माळ वाचू दे. बंदी योग्य आहे.

पाणवठा
माळाबद्दल लिहिलंत ते मात्र पूर्ण पटलं. इथे सासवड-सुप्याकडे गवताळ माळ झपाट्याने जाताहेत. शिशाबद्दलचं उत्तरही प्रामाणिक वाटलं. पैसे दिले म्हणून मारायचा हक्क मिळतो हे मात्र मला अजून मान्य नाही. त्या करात दुर्बीण विकत घेणाऱ्या माझ्यासारख्यांनीही भर घातली पाहिजे, म्हणजे वन्यजीव खात्याने फक्त शिकाऱ्यांचंच ऐकायचं कारण उरणार नाही.

रीनोवासी
@पाणवठा ताई, दुर्बिणीवरच्या कराला माझं मत आहे, हे मी इथल्या बैठकीतही बोलले आहे. आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी. एल्को गावाजवळच्या रूबी पर्वतात हिमालयन स्नोकॉक आहेत. पाकिस्तानातल्या हुंझाकडून आणलेले पक्षी १९६३पासून सोडले, १९८०ला हंगाम उघडला. दहा हजार फुटांच्या वर, उभ्या कड्यांत. तिथे कुत्री नेत नाहीत, नेऊही नयेत. तुमच्यासारखे पक्षीनिरीक्षक त्यांच्यासाठी जगभरातून येतात आणि पहाटे अंधारात चढून शिट्टी ऐकत बसतात. कधी आलात तर मी घेऊन जाईन, बंदूक घरी ठेवून.

पाणवठा
हे आमंत्रण मी घेतलं. व्यनि करते.

जतचा_माळ
सगळं झालं, पण खाता कसं ते कुणी सांगेना.

स्नेककाठ
भाऊ, सांगतो. पक्षी आतून लगेच साफ करायचा, डोंगरातच, आणि हवेशीर ठेवायचा. घरी फ्रिजमध्ये पिसांसकट तीन-चार दिवस, मग सोलायचा. छातीचं मांस कोवळं आणि फिकट, ते तव्यावर तूप, मिरी, लसूण एवढ्यावर दोन-तीन मिनिटांत होतं, जास्त ठेवलं की लाकूड. पाय चिवट, कारण आयुष्यभर डोंगर चढलेले. ते वेगळे काढून ठेवायचे, बरेच जमले की कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणात दोन तास मंद आचेवर. छर्रे दातांत येतात, म्हणून शिजवण्याआधी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून घ्या, पिसं आत ओढली गेलेली दिसली की तिथे छर्रा आहे. काळीज आणि थोडा मऊ उकडभात टिकलीचा. हाडं तिला देत नाही, शिजलेली हाडं टोकदार फुटतात.